गाळणी कोण धुणार?

खाऱ्या पाण्यातल्या माशांची पेटी पाहायला आलेला पाहुणा ठरलेले तीन प्रश्न विचारतो. ही केवढ्याला पडली? या माशाचे नाव काय? आणि हे किती वर्षे जगतात? चौथा प्रश्न लहान मुलांचा असतो, तो म्हणजे हे मासे आपण खायचे असतात का, असा. गेल्या सहा वर्षांत आमच्याकडे आलेल्या माणसांपैकी एकानेही ‘ही पेटी धुते कोण?’ असे विचारलेले मला आठवत नाही. निळ्या उजेडात नारिंगी मासे डुलत असताना हा प्रश्न सुचावा, अशी पाहुण्यांकडून अपेक्षाही नाही. पण ज्यांना अशी पेटी घरी आणायची आहे, हॉटेलच्या गल्ल्यामागे मांडायची आहे किंवा दवाखान्यात बाकांवर ताटकळणाऱ्या रुग्णांसमोर ठेवायची आहे, त्यांनी तरी तो सर्वांत आधी विचारावा. आणि त्याचे खरे उत्तर मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मी वेरुळात बसून मांडते आहे, याचे काहींना हसू येईल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पायाखाली तोच काळा पाषाण, ज्यातून कैलास लेणे कोरले गेले. येळगंगा पावसाळ्यात डोंगरावरून उडी घेते, तेव्हा पाहायला गर्दी होते. उन्हाळ्यात तिची आठवण तेवढी उरते. अशा गावात समुद्राचे दोनशे लिटर पाणी एका काचेच्या पेटीत, जिवंत, सांभाळायचे, म्हणजे शुद्ध वेड. हे वेड माझे नव्हे, मुलाचे. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याच्या दोन वस्तू घरी राहिल्या : एक मोटारसायकल आणि दुसरी ही पेटी. मोटारसायकल विकली. पेटीत जीव होते, म्हणून ती राहिली आणि माझ्याकडे आली. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. निवृत्तीनंतर घरातच एक प्रयोगशाळा मिळाली, आणि या प्रयोगशाळेत शिपाई नसल्यामुळे काचा, नळ्या, पंप सगळे मीच धुते.

आधी हे धुणे कशासाठी, ते सांगायला हवे. समुद्रात मासा घाण करतो आणि पुढे निघून जातो. मागे एवढे पाणी असते, की त्या घाणीचे नावनिशाण राहत नाही. पेटीत त्याला पुढे जायला जागा नाही. माशाच्या शरीरातून, मुख्यतः कल्ल्यांतून, अमोनिया सतत बाहेर पडत असतो. न खाल्लेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. समुद्राचे पाणी अल्कधर्मी, त्याचा सामू साधारण ८.१ ते ८.३, आणि अशा पाण्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. त्यात खाऱ्या पाण्यात प्राणवायूही गोड्यापेक्षा कमीच विरघळतो. म्हणजे सोनमाशाच्या भांड्यात जी हयगय चालून जाते, ती इथे चालत नाही.

या अमोनियाचा बंदोबस्त करतात ते जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते साठत जाते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलून कमी करता येते. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. आम्ही नववी-दहावीला नायट्रोजनचे चक्र फळ्यावर बाणांनी काढून शिकवायचो आणि मुले ते पाठ करायची. तेच चक्र फिल्टरच्या स्पंजात आणि सच्छिद्र दगडांत रात्रंदिवस फिरत असते, आणि ते एक दिवस थांबले तर काय होते, हे फळ्यावर कधी दिसत नाही.

आपल्या घरात याला अगदी जवळचा शब्द आहे : विरजण. फिल्टरमधला स्पंज म्हणजे विरजणाची वाटी. फरक एवढाच, की दह्याचे विरजण एका रात्रीत लागते आणि हे लागायला चार ते सहा आठवडे जातात. विरजणाची वाटी उकळत्या पाण्याने लख्ख करून वर ‘दही का लागत नाही’ म्हणून कुणी कपाळाला हात लावणार नाही. पण फिल्टरच्या बाबतीत शिकलीसवरलेली माणसे नेमके हेच करतात. स्पंज बुळबुळीत दिसतो, त्याला वास येतो. मग तो नळाखाली धरतात, साबण लावतात, उन्हात वाळवतात आणि पांढराशुभ्र करून परत बसवतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचे कामच मुळी जिवाणू मारण्याचे आहे. ते आपले काम चोख बजावते.

आमच्याच रस्त्यावरच्या एका हॉटेलात असे घडले. लेण्यांमुळे इथे पर्यटकांचा राबता मोठा, त्यामुळे हॉटेलवाल्यांत चढाओढ असते. एकाने भलीमोठी खाऱ्या पाण्याची पेटी आणली. दिवाळीच्या आधी मालकांनी सगळ्या हॉटेलची झाडलोट काढली आणि भांडी घासणाऱ्या पोराला सांगितले, की मासेही जरा स्वच्छ कर. पोरगा कामाचा. त्याने फिल्टर उघडला, होते-नव्हते ते सगळे भांड्यांच्या पावडरीने घासले, आणि पेटी अशी चकचकीत केली की मालकांनी शाबासकी दिली. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. आठवड्यात पेटी रिकामी झाली आणि शिव्या खाल्ल्या त्या पोराने. मला विचाराल तर त्या पोराचा काडीइतका दोष नव्हता. पेटी विकणाऱ्याने मालकांना सांगितले नाही, मालकांनी विचारले नाही, आणि ज्याच्या हातात स्पंज जाणार होता त्याला कुणी माणसात मोजलेच नाही. पुढे त्याच पेटीत नवे मासे आले. तेही गेले. आता तिच्यात प्लॅस्टिकचे मासे आहेत, आणि मला ते पाहून खरोखर बरे वाटते.

तर स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. दोनदा दाबून पिळायचा. पाणी चहासारखे होते. तिसऱ्यांदा पिळायचा मोह आवरायचा. दोन स्पंज असतील तर या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरा. याच्या उलट सर्वांत वरचा जो कापसासारखा थर असतो, त्याच्या बाबतीत दयामाया नको. त्यात अडकलेला गाळ पाण्यातच कुजत असतो. तो तीन-चार दिवसांनी बदललाच पाहिजे. म्हणजे एकाच डब्यात एक वस्तू अर्धवट मळकी ठेवायची आणि दुसरी मळू द्यायची नाही. स्वच्छतेची आपली जी ‘सगळे कसे आरशासारखे’ अशी कल्पना आहे, ती इथे सोडून द्यावी लागते. मला ते सोपे गेले नाही. माझ्या आईने तांब्याची भांडी चिंचेने घासायला शिकवले आहे.

या पेटीतले माझे सर्वांत आवडते यंत्र म्हणजे स्किमर. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना ते एका वाक्यात कळेल. काहिलीत उसाचा रस उकळू लागला, की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. स्किमर हा तसाच गुळव्या, फक्त बिनआचेचा. एका उभ्या नळीत हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडायचे. पाण्यातली प्रथिने आणि चिकट द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला धरतात, फेस होऊन वर चढतात आणि वरच्या पेल्यात सांडतात. भर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर जो पिवळट फेस वाऱ्यावर उडताना दिसतो, तो याच जातीचा. गोड्या पाण्यात हे यंत्र नीट चालत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. दोन-तीन दिवसांत पेल्यात काळपट, उग्र वासाचे पाणी जमते. जे आधीच बाहेर आले, त्याचा अमोनिया व्हायचा राहिला; म्हणून ती घाण पाहून मला समाधान वाटते.

पण पेल्याच्या मानेला आतून एक तपकिरी चिकट थर बसतो. हा थर बसला, की फेस वर चढत नाही. यंत्र चालू असते, बुडबुडे दिसत असतात, आवाज येत असतो, आणि काम मात्र शून्य. दर तिसऱ्या दिवशी ती मान ओल्या फडक्याने पुसावी लागते. दोन मिनिटांचे काम. साबण इथेही वर्ज्य. त्याचा अंश राहिला, तर आमटी उतू जावी तसा फेस उतू जातो आणि फरशीभर होतो. हवा घेणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी मीठ साचते, तिथे कोमट पाण्याची धार सोडायची. महाग स्किमर घेऊन तो न पुसणारा आणि स्वस्त घेऊन नेमाने पुसणारा, यांच्यात दुसऱ्याचे मासे जगतात. हे मी दोन्ही प्रकारची घरे पाहून सांगते.

पंपाचे काम महिन्या-दोन महिन्यांनी. आधी प्लग काढायचा. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते, तेव्हा इथे धाडस नको. आणि पेटीपासून बोर्डाकडे जाणारी वायर मध्ये झोळीसारखी खाली लोंबू द्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगात न जाता खाली टपकते. पंप उघडला, की आत चुंबकाला जोडलेली लहानशी भिंगरी असते. तिच्यावर चुन्याचे पांढरे पुट चढलेले असते. अर्धे पाणी आणि अर्धे व्हिनेगर, किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी करून त्यात तासभर बुडवायचे. चुना आणि आम्ल एकत्र आले की कर्बवायूचे बुडबुडे फसफसतात. हे माझ्या शाळेतल्या प्रत्येक मुलाने परीक्षानळीत पाहिले आहे. मग दात घासायच्या जुन्या ब्रशाने हलके घासून, स्वच्छ धुऊन परत बसवायचे. या सगळ्यात हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत, कारण अशा पाण्यातून त्वचेला हट्टी संसर्ग होऊ शकतो.

सगळे मिळून आठवड्याला माझे तीन तास जातात. त्यात कष्ट फारसे नाहीत. मात्र त्यांना सुट्टी नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

आता पाण्याकडे वळते. मराठवाड्यात राहून हा विषय टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. आमच्याकडेही टँकरची वाट पाहण्याचे दिवस येतात. अशा ठिकाणी खाऱ्या पाण्याची पेटी म्हणजे श्रीमंती माज, असे कुणी म्हटले, तर मी त्याच्याशी भांडणार नाही. त्याला हिशेब दाखवीन.

बोअरचे पाणी जड. ते तसेच वापरता येत नाही. ते आरओ यंत्रातून काढून त्यात तयार सागरी मीठ मिसळायचे, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. दोनशे लिटरच्या पेटीत आठवड्याला एक दशांश, म्हणजे २० लिटर पाणी बदलायचे. शिवाय आमच्या कोरड्या हवेत जवळपास तेवढेच पाणी आठवड्यात उडून जाते. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण दर वेळी खारेच पाणी ओतत जातात आणि पेटीचे लोणचे करतात. म्हणजे आठवड्याला ४० लिटर शुद्ध पाणी लागले. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर बाहेर टाकते. म्हणजे १२० लिटर ‘वाया’. हे वाया मी जाऊ देत नाही. ते पिंपात साठते आणि त्यावर आमची फरशी, धुणीभांडी आणि संडास-बाथरूम चालते. ज्याच्या घरी ही नळी सरळ मोरीत सोडलेली आहे, त्याने पेटी ठेवू नये. या बाबतीत मी कडक आहे.

त्याहून अवघड हिशेब मिठाचा. २० लिटर खारे पाणी दर आठवड्याला बाहेर काढले, की त्यात ७०० ग्रॅम मीठ असते. वर्षाचे झाले ३६ किलो. हे जाते कुठे? बहुतेक घरांत अंगणात, झाडांच्या बुंध्याशी किंवा नाल्यात. लिंबाच्या झाडाला दर रविवारी पाऊण किलो मीठ घालणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? मी गच्चीवर मोठ्या उथळ परातींत ते पाणी वाळवते. मराठवाड्याचे ऊन इतर बाबतीत कितीही छळो, या कामी ते मोफत नोकर आहे. पावसाळ्यात मात्र पाणी डब्यांत साठवून ठेवावे लागते आणि घरचे लोक कुरकुरतात. त्यांचे बरोबर आहे.

जाता जाता एक गंमत. आपल्या दख्खनच्या पाषाणात झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते पाहायला मिळतात. झिओलाइट अमोनिया शोषून घेते, म्हणून गोड्या पाण्याच्या फिल्टरमध्ये ते वापरतात. मुलाला वाटले, घरचाच दगड, पेटीत टाकू. पण ते मिठाच्या पाण्यापुढे हरते. गोड्या पाण्यात वापरून थकलेले झिओलाइट पुन्हा कामाचे करायचे असेल, तर ते मिठाच्या पाण्यातच भिजवतात. सोडियम आत शिरते आणि धरलेला अमोनिया सुटतो. तेव्हा समुद्रात त्याच्याकडून ती अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

विजेचे काय, हे खेड्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पंप बंद पडला, की फिल्टरमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. बंद डब्याचा फिल्टर असेल, तर काही तासांत आत पाणी सडू लागते. आणि वीज आल्यावर ते सडके पाणी पंप इमानदारीने पेटीत परत ढकलतो. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल, तर आधी डबा उघडून ते पाणी ओतून द्यावे, मगच बटण दाबावे. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असावा. स्वयंचलित यंत्रांच्या जाहिरातींत ही गोष्ट सहसा नसते.

स्वयंचलित म्हटल्यावर ‘फाइंडिंग नीमो’ आठवणारच. २००३ साली आलेल्या या चित्रपटाने नारिंगी-पांढऱ्या क्लाउन माशाला घरोघरी नेले. मुलांना त्यातला प्रसंग पाठ असतो : दंतवैद्याच्या पेटीतले मासे मुद्दाम फिल्टरमध्ये खडा अडकवतात, म्हणजे पेटी हिरवी होईल, धुण्यासाठी त्यांना बाहेर काढावे लागेल आणि पळता येईल. बेत फसतो, कारण दंतवैद्य नवे आपोआप धुणारे यंत्र बसवतो. मोठी माणसे हे पाहून हसतात आणि तसेच यंत्र विकत आणायला निघतात. असे यंत्र मला अजून भेटलेले नाही. जे यंत्र पेटी धुते, ते यंत्र कुणी तरी धुवावेच लागते.

हे जुन्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते, असे मला राहून राहून वाटते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. सुरुवातीच्या त्या पेट्यांचे पाणी सांभाळणे जिकिरीचे होते. पुढे विल्यम आल्फर्ड लॉइड नावाच्या माणसाने युक्ती काढली : प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा जमिनीखाली अंधारात ठेवायचा आणि तेच पाणी सतत खेळते राखायचे. १८७१ च्या सुमारास उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने हेच केले. दिसणाऱ्यापेक्षा न दिसणारे मोठे, हे त्याने बांधतानाच मान्य केले होते.

आणि लंडन कशाला, आमच्या जिल्ह्यातच पाहा. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाली. त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. त्या नहरीला जागोजागी माणूस खाली उतरू शकेल अशी तोंडे ठेवली होती. पाण्याबरोबर गाळ येणार, गाळ काढायला माणूस उतरणार, त्याला जागा हवी, हे बांधणाऱ्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होते. आजच्या पेट्या पाहा. फिल्टर खालच्या कपाटात असा कोंबलेला, की माझा हात कोपरापर्यंत जातो आणि अडकतो. डबा बाहेर काढायचा तर दोन नळ्या सोडाव्या लागतात, फरशीवर पाणी सांडते. ज्याने हे कपाट बनवले, त्याने ते कधी धुतले नसणार, हे मी पैजेवर सांगते. घृष्णेश्वराजवळच्या तीर्थकुंडाला चारही बाजूंनी पायऱ्या आहेत. त्या उतरून शेवटच्या पायरीपर्यंत हात पोहोचतो. तीर्थाचे पुण्य वेगळे. पण गाळ काढणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर ती रचना मला फार शहाणपणाची वाटते.

श्रेयाची गोष्ट मात्र तेव्हाही वेगळी नव्हती. कुंड म्हटले की अहिल्याबाई होळकरांचे नाव येते, नहर म्हटली की मलिक अंबरचे. ते यायलाच हवे. गाळ काढणाऱ्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. आमच्या पिढीच्या सहलीत म्हातारीचा बूट, राणीचा बाग आणि तारापोरवाला हे ठरलेले. मीही शाळेच्या मुलींना घेऊन तिथे गेले आहे. काचेच्या पलीकडे टाक्यांच्या मागच्या बाजूला कुणी तरी वावरताना दिसे. मुली माशांकडे पाहत, त्या माणसाकडे कुणी पाहत नसे. २०१५ साली नूतनीकरण होऊन तिथे पारदर्शक बोगदा आला आणि पुन्हा गर्दी झाली. २०२० साली कोविडच्या साथीत दारे बंद झाली, ती साथ ओसरल्यावरही लवकर उघडली नाहीत. उद्घाटनाच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. देखभालीची बातमी येते ती फक्त देखभाल थांबल्यावर.

कुणी म्हणेल, बाई, एवढे सगळे आहे तर मासे पाळूच नयेत. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदास केलेले असतात. समुद्रातले अजूनही बहुतांश समुद्रातूनच धरून आणलेले असतात. काही देशांत प्रवाळांच्या फटींत सायनाइड फवारून ते धरले गेले आहेत. आपल्याकडे समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे ‘खरे प्रवाळ देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराच्या पायऱ्या सरळ उतराव्यात. क्लाउन माशांची बंदिस्त टाक्यांत पैदास करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने बसवले आहे. घ्यायचेच तर असे पैदास केलेले मासे घ्यावेत. आमच्या पेटीतली जोडी तशीच आहे. ती गेल्यावर मी नवे मासे आणणार नाही. पण क्लाउन मासे नीट सांभाळले तर दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात, तेव्हा हा निर्णय अमलात यायला अजून अवकाश आहे.

ज्यांना तरीही हौस आहे, त्यांना मी एकच उपाय सुचवते. पेटी आणा, पाणी भरा, फिल्टर चालू करा, आणि मासे आणू नका. जिवाणूंचे विरजण लागायला दीड महिना तसाही लागतोच. त्या दीड महिन्यात चिमूटभर खाद्य टाकत जा, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल, आणि रिकाम्या पेटीची सगळी कामे मासे असल्यासारखी करा. स्पंज पिळा, स्किमरची मान पुसा, पंप उघडा, मीठ वाळवा. घरात ही कामे कोण करते आहे, ते पाहा. सहाव्या रविवारी नवरा ‘तू जरा बघतेस का’ म्हणू लागला असेल, किंवा मुले क्लासला पळाली असतील, तर पेटी विकून टाका. त्यात कुणाचा जीव गेलेला नसेल. दुकानदारांनीही हे बिलासोबत छापून द्यायला हवे : आठवड्याला तीन तास, एका माणसाचे, वर्षाचे बावन्न आठवडे. औषधाच्या बाटलीवर मात्रा छापतात, मग इथे का नको? धंदा बुडेल, असे एका दुकानदाराने मला सांगितले. म्हणजे धंदा कशावर चालला आहे, ते त्यानेच कबूल केले.

माझे वय आता सदुसष्ट. वीस लिटरची बादली गच्चीवर नेणे गेल्या वर्षापासून जमेनासे झाले आहे. मुलगा फोनवर म्हणतो, आई, कुणाला तरी देऊन टाक. शेजारची बारावीतली मुलगी वर्षभर दर रविवारी येते. सुरुवातीला ती मासे पाहायला यायची; आता स्पंज ती पिळते, तिसऱ्यांदा पिळत नाही, आणि पंपाची भिंगरी माझ्यापेक्षा लवकर बसवते. तिच्या आईला वाटले, बाई म्हातारपणी पोरीकडून फुकट काम करून घेतात. तसे नाही. पहिल्या महिन्यापासून मी तिला पैसे देते, आणि ती ते मोजून घेते. गेल्या आठवड्यात तिने पन्नास रुपये वाढवून मागितले. बादल्या जड आहेत, म्हणाली. मी दिले.